गाडीपुरतं पाणी

गुरुलिंगनं बॉनेटवर रंग खरवडायची पत्री ओढली आणि काळ्या रंगाचा पोपडा उडून त्याच्या तोंडावर आला. तो खोकला. नाकाला बांधलेला रुमाल त्यानं सोडून झटकला, पुन्हा बांधला आणि पुन्हा पत्री धरली.

गाडी ईश्वरप्पा अडत्यांची होती. पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा होणार होता. नवे साहेब येणार, तेव्हा त्यांच्या स्वागताला आपली अँबॅसिडर पांढरीशुभ्र उभी पाहिजे, असं ईश्वरप्पांच्या मनानं घेतलं होतं. जुना रंग जागोजागी फुगलेला. पत्र्यापर्यंत काढल्याशिवाय त्यावर नवा धरणार नव्हता. वरचे पोपडे पत्रीनं निघत, पण खालचा चिवट थर पॉलिश पेपरनंच घासावा लागे, आणि त्याला पाणी लागे. बादल्यांनी लागे. जुलै सरत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. म्हणून दोन दिवस तो कोरडंच घासत होता, आणि अजून एक मडगार्डसुद्धा उघडं झालं नव्हतं.

पाणी नव्हतं असं नाही. भिंतीपलीकडं शेषेरावांची बोअर होती. सारी गल्ली तिथं भरायची. एक गुरुलिंगचं घर सोडून.

तीन वर्षांपूर्वी तो एक ट्रॅक्टर रंगवत होता. वारा सुटला आणि हिरवे शिंतोडे शेषेरावांच्या वाळत घातलेल्या कोऱ्या धोतरावर जाऊन बसले. शब्दाला शब्द वाढला. शेवटी गुरुलिंग म्हणाला, "तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार न्हाई." आणि पुढच्याच महिन्यात शेषेरावांच्या दारात बोअरला भरपूर पाणी लागलं.

गुरुलिंगनं शब्द पाळला. त्याची बायको शिवकांता रोज देवळामागच्या आडावरनं पाणी आणायची. दोन घागरींतच तिची कंबर धरायची. गाडीसाठी आणखी आण, असं तो कुठल्या तोंडानं सांगणार? चौकात कुणी बोअरचं कौतुक केलं की तो म्हणे, "ते पाणी मचूळ हाय. आमच्या आडाचं पिऊन बघा." ऐकणारे गालात हसत. त्याला वाटे, पटलं यांना.

दुपारी भिंतीवरून काहीतरी धपकन पडलं. रबरी पाइप होता. मागोमाग शेषेरावांचं डोकं वर आलं. त्यांच्या पांढऱ्या भुवया धुळीनं काळ्या झाल्या होत्या.

"कोरडं काय घासून राहिलास? दोन दिवस झाले, आमच्या भाकरीवर बी रंग बसतो. अन् तुझी छाती काय लोखंडाची हाय?"

"राहू द्या. भागतंय माझं."

पण शेषेरावांनी बोअरची मोटार आधीच चालू केली होती. पाइप थरथरला, आणि पाणी तापलेल्या जमिनीवर वाहायला लागलं. असलं साल, आणि डोळ्यांदेखत पाणी मातीत चाललेलं. गुरुलिंगला ते बघवेना. त्यानं पाइप उचलला आणि बॉनेटवर धरला.

मग हात थांबलाच नाही. पेपर लोण्यावरनं फिरावा तसा फिरायला लागला. काळा चिखल ओघळून खाली गेला आणि मागं लख्ख पत्रा दिसू लागला. बॉनेट झालं, मडगार्डं झाली, दारं झाली. वेळेत गाडी देता येणार, हे कळल्यावर गुरुलिंगला शीळ घालावीशी वाटली. पण भिंतीपाशी शेषेराव अजून उभेच होते.

"एक सांगून ठेवतो," तो त्यांच्याकडं न बघता म्हणाला. "हे गाडीपुरतं. तीन वर्षांत तुमच्या पाण्याचा थेंब माझ्या घरात आला न्हाई, अन् पुढं बी येणार न्हाई."

शेषेरावांनी गुरुलिंगच्या खांद्यावरून दाराकडं पाहिलं. दारात शिवकांता उभी होती. तोंडाला पदर लावला होता, तरी तिचं हसू लपत नव्हतं.

"अवो," ती म्हणाली, "देवळामागचा आड आटून दोन वर्षं झाली. तवापासून ह्या दादांचंच पाणी पिऊन राहिलो आपण."