टर्बो आणि पाठवणी

"पाव्हणं, आमच्या गाडीला टर्बो हाय. पाय ठेवला की सुटलीच!" मांडवात व्याही म्हणाले.

रंगाअण्णा तापले. त्यांची जुनी हॅचबॅक इंजिन किंचाळेपर्यंत रेस केली, की मगच पळायची. पण लेकीची पाठवणी तिच्यातनंच करायचा त्यांचा हट्ट होता. "लावा शर्यत! म्हसोबाला वळसा घालून पहिला येईल, त्याच्या गाडीतनं पोरगी जाईल."

दोघं सुटले. टर्बो जागा होईस्तोवर स्पीडब्रेकर यायचा, अण्णांचं इंजिन किंचाळायला लागलं की म्हैस आडवी. घामाघूम दोघं बरोबरच परतले, तर मांडव रिकामा.

"गृहप्रवेशाचा मुहूर्त टळत होता," आचारी म्हणाला. "नवरानवरी आत्याच्या मोपेडवरनं गेली."

अण्णांनी उपरण्यानं घाम पुसला. "चालवत कोण होतं?"

"तुमची पोरगी. जावई मागं, मुंडावळ्या धरून."

अण्णांनी मिशीला पीळ दिला. "बघा पाव्हणं, पिकअप आमचाच!"