झाकलेलं ताट

"सोबत कोण आलंय?"

समुपदेशक बाईंनी विचारलं आणि वैजनाथने नेहमीसारखी मान हलवली. कोणी नाही. सदाशिव पेठेतल्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात बाकावर प्रत्येकाजवळ एक माणूस होतं. कोणाची बायको पाण्याची बाटली धरून, कोणाचा भाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून. वैजनाथच्या शेजारी त्याची पिशवी होती.

"आणि गोळी? समोरच्या काकूंपुढेच घेता ना अजून?"

"हो."

ती गोळी अंगात असेपर्यंत दारू जिवावर बेतते. म्हणून पिणारा आधी गोळीच चुकवायला बघतो, आणि म्हणून ती घरच्या कोणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यायची. वैजनाथच्या घरात आता कोणाचे डोळे उरले नव्हते. बायको लेकीला घेऊन कात्रजला भावाकडे गेलेली. मग त्याने समोरच्या दारातल्या प्रेमलाकाकूंना गळ घातली होती. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, उपासतापासांत रमलेल्या काकू.

रोज सकाळी पूजा आटोपून त्या पाण्याचा पेला पुढे करत. "जीभ उचला, वैजनाथराव. शाळेत जन्म गेलाय माझा, कॉपी कळते मला." त्यापलीकडे शब्द नाही. त्यांच्या पाटाजवळ एक ताट झाकलेलं असे. गाईसाठी काढलेलं असावं, असं त्याला वाटे. एकदा त्याने विचारलंही होतं, "काकू, या चातुर्मासात काय सोडलंत?"

"नेम सांगत सुटायचे नसतात," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं होतं.

केंद्रातून परतताना त्याने मोबाईल पाहिला. ऋतुजाचा, त्याच्या लेकीचा, साखरपुडा झाला होता. फोटोत वडिलांच्या जागी मामा उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ चपला हातात घेऊन जिना उतरला. आज गोळी नाही, उद्या नाही. हळूहळू अंगातून उतरेल. मग प्यायला आपण मोकळे. विचारणारं आहे कोण?

दिवसभर तो नारायण पेठेतून नदीकाठी आणि नदीकाठून पुन्हा पेठेत फिरत राहिला. बारच्या पाटीखाली उभा राहिला, पुढे गेला, परत आला. मोबाईल एकदाही वाजला नाही.

दिवेलागणीला तो घरी आला. काकूंचं दार सताड उघडं होतं. त्या पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकलेले. शेजारी ताट, सकाळचंच, झाकलेलं.

"काकू, बरं नाही का? गाईचं राहिलं वाटतं आज. द्या, मी घालून येतो."

"कसली गाय?" काकूंचा आवाज खोल गेला होता. त्यांनी पेला पुढे सरकवला. "माझं पान आहे ते. तुमची गोळी झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा यंदाचा नेम. आता तोंड काय बघताय? जा, गोळी आणा. भूक लागलीय मला."