गृहप्रवेशाची वेळ

निनादने लंडनच्या ईलिंगमध्ये घर घेतलं, तेव्हा त्याची आई, सुप्रभाताई, वेम्बलीच्या एका केअर होममध्ये होत्या. सोमवारी किल्ल्या मिळाल्या, आणि तासाभरात आईचा फोन आला.

"मला आजच घरी ने रे. इथे जीव घाबरा होतोय."

"आई, गुरुजींनी गुरुवारचा मुहूर्त दिलाय. त्याआधी नव्या घरात पाऊल टाकायचं नाही. तीनच दिवस काढ ना, प्लीज."

"म्हणजे मुहूर्त माझ्याहून मोठा," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी दुपारी त्या गेल्या. शेजारी कोणी नव्हतं.

सुतक फिटल्यावर गुरुजींनी दुसरा मुहूर्त काढून दिला. तो अगदी सहज निघाला.

तोवर घर बंदच होतं. त्या सकाळी निनादची बायको अक्षरा कलश घेऊन पायरीवर उभी राहिली. घड्याळात अकरा वीस झाले, तसं निनादने कुलूप उघडलं.

दार बोटभर उघडलं आणि अडलं. आतून साखळी लावलेली होती.

"तू आली होतीस इथे?" त्याने विचारलं.

"मी कशी येणार? किल्ल्या तुझ्याकडेच आहेत ना?"

फटीतून अमृतांजनचा वास आला. आई रोज रात्री कपाळाला लावायची, तोच.

निनाद फटीशी वाकला.

"आई, आम्ही आलोय. दार उघड."

आतून कोणीतरी दार हळूच लोटलं, आणि खालची कडीही लावून घेतली.