पंचेचाळीस डॉलरचा कान

“ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातलं एक सोनेरी पान आज सेंगकांगमध्ये लिहिलं जाणार आहे,” प्रफुल्लने हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं.

“ते लिहून झालं की वॉशिंग मशीन लावू ना? तुमचाच बॉयलर सूट धुवायचाय,” आतून त्याची बायको अरुणा म्हणाली.

प्रफुल्ल चीफ इंजिनिअर. उद्या सकाळी तो चार महिन्यांसाठी जहाजावर चढणार होता आणि शनिवारी सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याची मुलगी जान्हवी पहिल्यांदा स्टेजवर गाणार होती. तिच्या गाण्याला गिटारची साथ बापाचीच हवी, असं बापाने ठरवलं होतं. आपण नाही तर नाही, निदान आपली गिटार तरी तिथे असावी. रेकॉर्डिंग आज सहाच्या आत पाठवायचं होतं. सुट्टीचे शेवटचे आठ दिवस त्याने माइक निवडण्यात घालवले होते. आता चार वाजले होते.

जेवणाच्या टेबलावर दोन माइक होते. एक लाकडी पेटीतला, चौदाशे डॉलरचा, चोआ चू कांगला राहणाऱ्या मित्राने, श्रीनिवासने वापरायला दिलेला. माइकला एकटं कसं पाठवायचं, म्हणून श्रीनिवासही सोबत आला होता. दुसरा पंचेचाळीस डॉलरचा, प्रफुल्लने स्वतः घेतलेला. श्रीनिवास त्या माइककडे, पंगतीत चपला घालून बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होता.

“असल्या माइकवर जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं पुकारतात,” तो म्हणाला. “माझा माइक मुंगीचं पाऊल टिपतो, पाऊल! आणि अगदीच नाही जमलं, तर माझा कीबोर्डचा ट्रॅक तयार आहे. जान्हवीने फक्त गायचं.”

‘अगदीच नाही जमलं तर’ प्रफुल्लच्या वर्मी लागलं. त्याने चौदाशेवाला माइक लावला. जान्हवीने हेडफोन चढवले. प्रफुल्ल वाजवू लागला.

माइकने खरोखर सगळं टिपलं. खिडकीखालून गेलेली एलआरटी ट्रेन टिपली. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, ती टिपली. खालच्या मजल्यावरच्या आंटीची कढई टिपली. अधूनमधून गिटारही होती.

“आंटी लसूण परततेय,” जान्हवी म्हणाली. “सो क्लिअर लाह, वास येतोय मला.”

“बॉम्ब शेल्टरमध्ये बसून वाजव,” श्रीनिवास म्हणाला. जाड भिंतींची, लोखंडी दाराची ती खोली इथल्या नियमाप्रमाणे फ्लॅटमध्ये होतीच.

“तिथे तांदूळ आहे,” अरुणाने विषय संपवला.

प्रफुल्लने पंखा बंद केला. एसी बंद केला. फ्रिजचं बटण बंद केलं, तेव्हा अरुणा बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चौघेही घामाने निथळू लागले. आता माइकला श्रीनिवासचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता, आणि पाहुण्याचा श्वास यजमानाने बंद करावा, अशी काही आपली पद्धत नाही.

सव्वापाच वाजले.

प्रफुल्लने चौदाशे डॉलर अलगद उचलून पेटीत ठेवले.

“श्रीनिवासराव, इंजिन रूममध्ये ज्याला सगळंच ऐकू येतं ना, त्याला काही ऐकू येत नाही. तिथे आम्हाला जवळचं ऐकणारा माणूस लागतो.”

त्याने टूलबॉक्समधून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला.

“अरे, अरे! गिटार आहे ती!” श्रीनिवास ओरडला.

पंपाचं बेअरिंग कुरकुरतंय का, हे प्रफुल्ल वीस वर्षं याच स्क्रूड्रायव्हरने ऐकत आला होता. टोक यंत्राला, मूठ कानाला. आता टोक गिटारच्या लाकडाला लागलं. “छेड,” त्याने जान्हवीला सांगितलं. ती एकेक तार छेडत गेली आणि तो डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून गिटारची छाती तपासत गेला. भोकाजवळ नुसता घुमारा होता. खाली बद्द आवाज. दांडा जिथे खोक्याला मिळतो, तिथे मात्र लाकूड गोड बोलत होतं.

“इथे,” तो म्हणाला, आणि पंचेचाळीस डॉलरचा माइक त्या जागेपासून चार बोटांवर आणून बसवला. मग त्याने पंखा, एसी आणि फ्रिज, तिन्ही पुन्हा सुरू केले. श्रीनिवासला मोकळेपणी श्वास घ्यायला सांगितलं. आणि वाजवायला बसला.

एलआरटी येऊन गेली. वरची खुर्ची तीनदा सरकली. आंटीने दुसरी भाजी फोडणीला टाकली. प्रफुल्लने मान वर केली नाही.

जान्हवीने रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. खोलीत फक्त गिटार होती. बोटं तारेवरून सरकल्याची बारीक सळसळसुद्धा होती. एलआरटी नाही, खुर्ची नाही, लसूण नाही. अरुणा हात पुसायचे विसरून ऐकत राहिली. “अहो, तुम्ही इथेच बसलायत असं वाटतंय,” ती म्हणाली. तो इथेच बसला होता, पण कुणी हसलं नाही.

श्रीनिवास पेटीची कडी लावत होता. बराच वेळ लावत होता.

“कुठल्या दुकानात मिळाला म्हणालास?” अखेर त्याने विचारलं.

प्रफुल्लने दुकानाचं नाव सावकाश, स्पेलिंगसकट सांगितलं. मग पाय लांब करून तो खुर्चीत मागे रेलला. चार महिने समुद्रावर पुरेल एवढं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

सहाला दहा कमी होते. जान्हवीने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, डोळे मिटले आणि पहिली ओळ गुणगुणली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज वर जाता जाता थांबला.

“बाबा,” ती म्हणाली, “एकदम क्लिअर आलंय रे. फक्त हेच दोन पट्ट्या खाली वाजवशील?”