हळू बोलणारा नवरा

फिदेन्सिओ हल्ली हळू बोलायला लागला होता. तो दारू प्यायचा, बाजारात जाऊन भलतंच गाढव गळ्यात मारून घेऊन यायचा, जेवता जेवता घोरायचा. हे सगळं तोमासानं लग्न झाल्यापासून सोसलं होतं. पण हळू बोलणं? त्यांच्या डोंगरात हळू बोलायचं कुणाला कधी कारणच पडलं नव्हतं.

तिथले पुरुष शिट्टीनं बोलतात. एक ह्या उतारावर, दुसरा समोरच्या उतारावर, मधे खोल दरी. शिट्टीतच खेचराचा भाव ठरतो, शिट्टीतच भांडण लागतं आणि शिट्टीतच मिटतं. बायांनी शिट्टी वाजवायची नाही अशी रीत आहे, पण कळते त्यांना सगळी. फिदेन्सिओ मक्याच्या शेतातून ‘भूक लागली, तवा टाक’ म्हणायचा, ते तोमासाला कळायचं आणि तिच्याबरोबर साऱ्या गावाला. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लपवण्यासारखं असतंच काय माणसाच्या डोक्यात? भूक, पाऊस, हरवलेली गाय.

मग थोरली लेक ओतिलिया शहरातून आली आणि बापाला फोन देऊन गेली. तेव्हापासून हा बाबा संध्याकाळ झाली की कॉफी वाळवायच्या खोपटात जाऊन बसायचा आणि फोन तोंडाशी धरून कुजबुजायचा. तोमासाला वाटे, हा फोन म्हणजे जणू नवऱ्याला कुणी तरी घरामागं बांधून दिलेली खोलीच. आत तो कुणाला घेऊन बसतो ते काही दिसत नाही. कुजबुजायला जागा मिळाली की माणसाला कुजबुजण्यासारखंच सुचणार, एवढं तिला शाळेत न जाताही कळत होतं.

एका संध्याकाळी ती खोपटाच्या कुडाला कान लावून उभी राहिली.

“भाकरी उलटताना तू जीभ दातात धरतेस ना,” फिदेन्सिओ सांगत होता, “तेवढं बघायला मी शेतातून लवकर निघतो.”

तोमासाच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या माणसासाठी तिनं इतकी वर्षं मक्याच्या भाकऱ्या उलटल्या. भाकरी बरी झालीय, एवढंसुद्धा कधी त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. आणि हा शेत सोडून दुसरीच्या तव्यापाशी जाऊन बसतो!

दुसरी म्हणजे क्रिस्पिना. विधवा बाई. फोनचं रिचार्ज तीच विकायची आणि गिऱ्हाईक पुरुष असला की सगळे दात दाखवून हसायची. सकाळीच तोमासा वाटी घेऊन तिच्या दारात गेली.

“आज इकडं कशी वाट चुकलीस, बाई?” क्रिस्पिना तव्यापासून न उठता म्हणाली.

“मीठ संपलंय.”

“मीठ संपलं? तरीच. तुझ्या जिभेवर नुसतं तिखट उरलंय.”

तोमासानं ते ऐकून घेतलं. तिचे डोळे क्रिस्पिनाच्या तोंडावर होते. क्रिस्पिनानं भाकरी उलटली, दुसरी उलटली, तिसरी उलटली. तोंडाचा पट्टा चालूच. ती जीभ दातात यायला जरा थांबली तर पाहिजे!

ही नव्हे. मग तोमासा जावेकडं गेली. तिथून बाप्तिस्म्यात लेकीची धर्ममाता झालेल्या बाईकडं गेली. दुपारपर्यंत तिच्या घरात वर्षाचं मीठ जमलं, पण जीभ दातात धरणारी एकही बाई सापडली नाही. म्हणजे सटवी परगावची होती.

घर तोमासाच्या बापाच्या जमिनीवर होतं. तिनं नवऱ्याची टोपी आणि कोयता उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला. दिवस कलल्यावर ती तडक खोपटात शिरली.

“कोण आहे ती?”

फिदेन्सिओच्या हातून फोन पडता पडता राहिला. “कोण?”

“जीभ दातात धरणारी! नाव सांगा तिचं. टोपी बाहेर ठेवलीय. नाव सांगा आणि टोपी उचला.”

 फिदेन्सिओचं पोट हसण्यानं हलायला लागलं.

“अगं, तूच की ती.”

“मी? मी कशाला जीभ धरू?”

“तुला कसं दिसणार? तव्यासमोर मी बसतो.”

“मग फोनवर कोण आहे?”

“कुणीच नाही. बोललेलं यात राहतं. ओतिलियानं शिकवलंय. मी मेलो की आईला ऐकव म्हणालो तिला.”

“आणि इतकी वर्षं काय तोंड शिवलं होतं तुमचं?”

“असलं शिट्टीत कसं सांगू? अख्खी दरी ऐकते. दरीनं ऐकलं तरी चालेल, तेवढंच सुचायचं मला. हे डबडं हातात आलं, आणि पोटात काय काय पडून आहे ते माझं मलाच कळायला लागलं.”

त्यानं बोट दाबलं. फोनमधून त्याचाच आवाज यायला लागला. तोमासा कॉफीच्या पोत्यावर बसली. ती कोंबड्याला नावं ठेवते तेव्हा कशी दिसते, टोपली घेऊन उतार उतरते तेव्हा कशी दिसते, आजारी लेकीपाशी बसून तिनं कुठलं गाणं म्हटलं होतं, सगळं त्यात होतं. तिनं ते ऐकलं. पुन्हा लावायला लावून पुन्हा ऐकलं. तिचे कान तापले, बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या पाठोपाठ संताप चढला. इतकं सारं, इतकं चांगलं, आणि ऐकलं कुणी? जावेनं नाही. क्रिस्पिनानं तर नाहीच. साऱ्या दरीच्या लेखी ती ‘तवा टाक’वाली बायकोच राहिली होती.

ती उठली. फोन तिनं नवऱ्याच्या खिशात कोंबला.

“हे असं कानात सांगायचं ते परक्या बाईला,” ती म्हणाली. “मी लग्नाची बायको आहे. उद्या बाया पाण्याला निघाल्या की टेकडीवर चढा आणि हे सगळं शिट्टीत सांगा. आणि तोंड क्रिस्पिनाच्या घराकडं करा.”