शेपूट प्रभूचं

बाई आठवी गाठ सोडायला बसल्या होत्या, पण गाठ काही सुटेना. विणायची सुई घालून झाली, दात लावून झाले. एका लहानशा मुठीत दर रविवारी आवळली जाऊन ती दगडासारखी घट्ट झाली होती.

"पुढच्या रविवारी सोडा ना, बाई," भिंगरी म्हणाली.

"मागच्या रविवारीही तू हेच म्हणालीस."

दोर चर्चच्या घंटेचा. लढाई सुरू झाली, घंटा वाजवायला बंदी आली आणि घंटावाल्यानं तो उतरवून रविवारच्या शाळेला देऊन टाकला. बाईंनी त्याला आठ मुलांसाठी आठ गाठी मारल्या. भोंगा झाला की आपापली गाठ धरायची, दुसरा हात भिंतीला लावायचा आणि मागे न बघता तळघराचा अंधारा जिना उतरायचा. उतरता उतरता प्रत्येकानं आपला आकडा म्हणायचा, म्हणजे कुणी वर राहिलं तर कळे.

आठवी गाठ गोगलगाईची, भिंगरीच्या जिवलग मैत्रिणीची. एक तोंडानं थांबायची नाही, दुसरी पायानं निघायची नाही. शेवटची गाठ वाट्याला आली तेव्हा गोगलगाय रडवेली झाली होती. "माझ्या मागे कोण?"

"प्रभू," बाई म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून आठव्या गाठीमागचं हातभर टोक कुणी धरत नसे. आकडे संपले की सगळी एका सुरात म्हणत, "शेपूट प्रभूचं!"

गोगलगाय नदीपलीकडची. तिची आजी दर रविवारी तिला पुलावरून घेऊन यायची आणि शाळा सुटेपर्यंत चर्चकडे पाठ करून पायरीवर बसायची. बाईंनी एकदा आत बोलावलं तर म्हणाली, "तुमचं चालू द्या, बाई. त्याचं आणि माझं बोलणं बंद आहे."

पाच रविवारांमागे पूल पडला. पलीकडून कुणाचीच काही खबर नव्हती. आणि तेव्हापासून भिंगरी स्वतःचा "सात" म्हणून झाला की आवाज बारीक करून "आठ"ही म्हणायची.

"आज तू तिचा आकडा म्हणतेस, उद्या दुसरं कुणी दुसऱ्याचा म्हणेल," बाई समजावत होत्या. "मग खरंच वर राहिलेल्याला शोधायला कोण जाईल?"

"पण ती आहे, बाई."

त्यांनी पुन्हा सुई घातली, आणि भोंगा वाजला.

मुलं उठली. दिवे गेले. "स्वतःच्या आकड्यापुढे एक अक्षर नाही," बाईंनी भिंगरीला बजावलं आणि दोराचं पुढचं टोक धरून जिन्यात पाऊल टाकलं.

एक. दोन. तीन. आकडे एकामागून एक अंधारात उतरत होते.

"सात," भिंगरी म्हणाली, आणि खरंच गप्प झाली. ती शांतता बाईंनाच सोसेना.

"आठ."

"भिंगरे!"

"मी नाही, बाई! देवाशपथ!"

"शपथ घेऊ नये म्हणून शिकवलंय ना?"

"मग नुसतंच मी नाही!"

मुलं खुदखुदली. पण भिंगरीचा आवाज एकदम खाली आला. "बाई, दोर मागून ताणलाय."

कुणी हसलं नाही. बाईंना तो ताण स्वतःच्या तळहातात कळला. पाच रविवार हा दोर मागे सैल लोंबत होता, पायऱ्यांवर घसटत होता. आता शेवटापर्यंत कुणीतरी तो धरला होता. वर जवळच कुठेतरी धडाका झाला, मुलांच्या केसांत माती सांडली, पण एकही मूल ओरडलं नाही. सगळ्यात लहान होतं ते हळूच म्हणालं, "शेपूट प्रभूचं." बाकीच्यांनी सूर मिळवला नाही.

प्रभू आपल्यामागे असतो, असं चाळीस वर्षं त्या मुलांना सांगत आल्या होत्या. आज मागे वळून बघायची त्यांची छाती होईना.

खाली घंटावाल्यानं दिवा लावला.

आठवी गाठ दोन्ही हातांनी धरून गोगलगाय उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, पायांत दोन तऱ्हेचे दोन बूट. भिंगरीला आयुष्यात पहिल्यांदा बोलायला काही सुचलं नाही. तिनं आपली सातवी गाठ सोडली आणि हात गोगलगाईच्या हातांवर ठेवला.

तिच्यामागे दोराचं शेपूट मुठीला गुंडाळून आजी धापा टाकत होती.

"नदीच्या वरच्या अंगाच्या पुलावरून आलो, लांबून," ती म्हणाली. "तीन दिवस चालतोय. भोंगा झाला तशी ही धावत सुटली. ही! धावत!"

घरातली बाकीची माणसं? बाईंनी डोळ्यांनीच विचारलं. आजीनं नाही अशी मान हलवली.

मग तिचं लक्ष स्वतःच्या मुठीकडे गेलं. "अंधारात हे टोक हाताला लागलं. मोकळं होतं, म्हणून धरलं. कुणाचं आहे का?"

मुलांनी बाईंकडे पाहिलं.

"आहे एकाचं," गोगलगाय म्हणाली. "पण त्याला चालतं, आजी. धर तू."