वहीतला शेवटचा रकाना

होबार्टमधल्या गिर्यारोहणाच्या सामानाच्या एका दुकानात म्हाताऱ्या कॉलिनने पाच सॅक खांद्याला लावून पाहिल्या आणि पाचही नाकारल्या. एकीला कप्पे फार, दुसरीला पट्टे फार. शेवटी छातीवर ‘टीगन’ अशी नावाची पट्टी लावलेली दुकानातली मुलगी एक साधी हिरवी सॅक घेऊन आली. वजनासाठी तिने आत वाळूची छोटी पिशवी टाकली, सॅक त्याच्या पाठीवर चढवली आणि पट्टे ओढून सारखे केले.

"टोचतंय कुठे?"

"छे! पाठीवर काही आहे असंही वाटत नाही."

"सुटले बाई! पण आजोबा, एवढ्याशा सॅकमध्ये मावणार काय?"

"पाण्याची बाटली, रेनकोट, एक सँडविच. दोन तासांचं तर चालणं."

"कधी निघताय?"

"उद्या सकाळी."

"आणि परत कधी?"

कॉलिन गडबडला. तीन वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "जेवायच्या वेळेपर्यंत."

"ढग उतरले तर उगाच हट्ट करू नका, मागे फिरा," तिने दटावलं.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी त्याने वर जाणाऱ्यांसाठी पायवाटेवर ठेवलेली नोंदवही उघडली. नाव, किती जण, परत कधी, सगळं झरझर लिहिलं. ‘परतलो नाही तर कुणाला कळवायचं’ हा शेवटचा रकाना तो गेली तीन वर्षं कोराच सोडत आला होता. आज त्याने खिशातून सॅकची पावती काढली, तिच्यावरचा दुकानाचा फोन नंबर त्या रकान्यात नीट उतरवला आणि पुढे लिहिलं, ‘टीगन’.